सुरी हातात देत नाहीत

केवळाबाईंनी तडकलेल्या मुठीची सुरी भीमाच्या पुढ्यात गोणपाटावर ठेवली आणि हात मागं घेतला. शेजारी बसून दुसऱ्या मुठीवर काचकागद घासणाऱ्या सिंधूच्या डोक्यात तिडीक गेली. आपला बाप हाताच्या अंतरावर बसलाय. त्याच्या हातात द्यायला काय झालं होतं?

केवळाबाई म्हणजे निलंग्याकडच्या, भीमा-सिंधूच्याच गावच्या पाटलीणबाई. लातूर जिल्हा झाला, नव्या कचेऱ्या आल्या, त्यातल्या एकीत त्यांच्या मुलाला नोकरी लागली. जिल्हा झाला, पण पाऊस काही झाला नाही. गावाकडच्या विहिरीनं तळ दाखवल्यावर म्हातारीही लातुरात लेकाकडं राहायला आली. भीमा तिच्या कितीतरी आधी गाव सोडून इथं आलेला, रस्त्याकडेला बसून सुऱ्यांना मुठी घालायचा. बौद्धवाड्यातलं आपलं घर सिंधूला आता धड आठवत नव्हतं. पाटलांच्या ओसरीपुढं उभा असलेला बाप मात्र लख्ख आठवायचा. तेव्हा तो कुदळी-कुऱ्हाडींना दांडे घालायचा. घातलेला दांडा तो मातीत ठेवायचा आणि मागं सरायचा. मग ओसरीवरून त्याच्या उपरण्यात ज्वारी पडायची, अर्धी उपरण्यात, अर्धी मातीत. मातीतले दाणे बाप वाकून वेचायचा. लहानगी सिंधू त्याला वेचू लागायची.

भीमानं मान वर न करता सुरी उचलली. जुनी मूठ फोडून काढली. बाभळीचे तुकडे त्याच्याकडं भोकं पाडून तयारच असायचे. दुष्काळात लाकडाला काही तोटा नव्हता, उभी झाडं वाळत होती. त्यानं भोकात लाखेचा चुरा भरला, सुरीचं शेपूट, म्हणजे पात्याचं मुठीत जाणारं टोक, निखाऱ्यावर लाल केलं आणि दाबून आत बसवलं. चर्र झालं, धूर निघाला. एरवी तो सुरी पाण्यात बुडवून गार करायचा. पण टँकरचं पाणी प्यायलाच पुरेना, म्हणून ओलं फडकं गुंडाळलं. मग कानस घेऊन मुठीला आकार दिला आणि ती सिंधूकडं सरकवली.

घासणं आणि तेल लावणं सिंधूकडं होतं. तिनं मूठ रागारागानं घासली, पण काम काही बिघडवलं नाही. करडईचं तेल चोळलं तसा बाभळीचा तांबूस रंग वर आला. भीमानं मूठ आवळून पाहिली. कुठं टोचत नव्हती. त्यानं सुरी परत गोणपाटावर, केवळाबाईंच्या पायांपुढं ठेवली.

म्हातारीनं वाकायला गुडघ्यावर हात टेकला. तेवढ्यात सिंधूनं झटक्यात सुरी उचलली आणि मूठ तिच्यापुढं धरली.

“घ्या. हातात घ्या.”

केवळाबाई मागं सरल्या. “अगं माय, सुरी कुनी हातात देतंय का? भांडण लागतं. खाली ठिव.”

“लागू द्या भांडण. आमाला खाली ठिवून देयाचे दिवस गेले, पाटलीणबाई.”

“मी सुनेला बी हातात देत न्हाई गं.” म्हातारी म्हणाली.

“सिंधू!” भीमा ओरडला. जन्मात बापाचा असा आवाज तिनं ऐकला नव्हता. “ठिव खाली.”

तिनं सुरी बापाच्या पायाशी ठेवली. अपमानानं तिचे डोळे भरून आले. ओसरीपुढं गप्प राहिलेला हा माणूस अजून तसाच आहे, असं तिला वाटलं, आणि त्याचीच तिला जास्त चीड आली.

केवळाबाई हळूहळू वाकल्या. एक हात गुडघ्यावर, दुसरा जमिनीला. पदर गोणपाटाला टेकला. भीमाच्या पायाशी ठेवलेली सुरी त्यांनी उचलली, कण्हत सरळ झाल्या आणि ती पिशवीत घातली. मग कनवटीचे पैसे काढून त्यांनी थेट भीमाच्या तळहातावर ठेवले. बोटं हाताला लागली. ना त्या दचकल्या, ना तो. “येते रे भिमा,” म्हणाल्या आणि उन्हात चालू लागल्या.

सिंधू त्या तळहाताकडं बघत राहिली. म्हणजे म्हातारीच्या मनात खरंच काही नव्हतं. तिचा रिवाज सुरीपुरताच होता. गिऱ्हाईक तुटलं असतं तर दुष्काळात तेरावा महिना, आणि तोही आपल्या तोंडामुळं.

“चुकलं माझं, आबा,” ती म्हणाली. पण तिच्यानं राहवेना. “पन तुमी कामून वरडलात? तिला वाकता येत नव्हतं. धम्म घेतल्यापासून तुमी असलं काहीच मानत न्हाई. मांजर आडवं गेलं तरी हसता. मग दिली असती तिच्या हातात, तर काय बिघडलं असतं?”

“काहीच बिघडलं नसतं. मानत न्हाईच मी.”

भीमा अजून रस्त्याकडं बघत होता. केवळाबाई कोपऱ्यावरून वळून दिसेनाशा झाल्या, तेव्हा कुठं त्यानं पुढचा तुकडा हातात घेतला.

“कुदळीचा दांडा दिला की मला वाकावं लागायचं, लेकरा. सुरी दिली की गिऱ्हाईक वाकतं. म्हनून तर दांडे सोडले अन् मुठी धरल्या.”