कोरडे तांदूळ

“मानवी शरीर कधीही खोटं बोलत नाही,” असं गंभीरपणे म्हणून जयराम सरांनी तांदळाचा डबा उघडला. डब्यात रवा निघाला.

“तांदूळ खालच्या फळीवर,” सुलाबाई म्हणाल्या. “वीस वर्षं या स्वयंपाकघरात जेवताय.”

रविवारी सकाळचे साडेदहा वाजले होते. सुलाबाईंची मोत्यांची नथ, त्यांच्या आईने दिलेली, कपाटातून नाहीशी झाली होती आणि बुधवारी सटाण्याला भाचीचं लग्न होतं. घरात माणसं चार. सर, सुलाबाई, मुलगा शेखर आणि सून हर्षाली. पाचव्या कलाबाई, दहा वर्षं या घरची धुणीभांडी करणाऱ्या. शेखर पोलिसांत जायचं म्हणत होता, आणि तसं म्हणताना दर वेळी कलाबाईंकडे बघत होता.

“पोलीस कशाला?” सर म्हणाले होते. “मी बघतो.”

एकतीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलेला माणूस ‘मी बघतो’ म्हणाला की घरच्यांना बाकावर बसावंच लागतं. बाक नसल्यामुळे सगळे सोफ्यावर बसले.

सरांचे वडील नांदगावचे. तिकडे पूर्वी चोरी झाली की संशयितांना देवळासमोर बसवून कोरडे तांदूळ चावायला देत. ज्याचे तांदूळ कोरडेच बाहेर आले, तो चोर. लोकांना वाटे देव पकडतो.

“देव नाही, ॲड्रेनालिन,” सर म्हणाले. “माणूस घाबरला की शरीराला वाटतं, वाघ मागे लागलाय. छाती धडधडते, तळहात भिजतात, पोट संप करतं. वाघापुढे जेवायचं नसतं, म्हणून लाळ बंद. चोराचं तोंड कोरडं पडणारच.”

“आणि कुणाचंच नाही पडलं तर?” हर्षालीने विचारलं.

“मग इथे कोणी चोर नाही. नथ कुठेतरी हरवली म्हणायचं आणि विषय संपवायचा.”

“तांदूळ धुतलेत का पण?”

“धुतले तर प्रयोग काय राहिला?”

प्रत्येकाला एक चमचा. शेखरने मोबाइलवर एक मिनिट लावलं. घर चावू लागलं. नाशिकच्या त्या फ्लॅटमध्ये इतकी शांतता याआधी फक्त मॅचच्या शेवटच्या ओव्हरला झाली होती.

सुलाबाईंनी ताटलीत टाकला तो ओला लगदा. सरांनी वाकून, चष्मा कपाळावर सरकवून बघितला आणि मान डोलावली. शेखरचाही ओला. हर्षालीचा तर इतका ओला की तिलाच लाज वाटली.

कलाबाईंच्या तोंडातून पीठ पडलं. कोरडं. पंख्याच्या वाऱ्याने त्यातलं थोडं उडून टीपॉयवर बसलं.

सरांचा चेहरा गणित चुकलेल्या मुलासारखा झाला.

“झालं,” शेखर म्हणाला. “आता तरी करू फोन?”

“सर, मी नाय घेतली.” कलाबाई उभ्या राहिल्या. “दहा वर्षांत तुमच्या घरचा चमचा तरी हालला का? चार घरी काम करते मी. इथं चोर ठरले तर बाकीची तीन घरं उद्याच दार लावतील. पोरीची फी त्याच्यावर हाय. मग तोंडाला कोरड पडंल नायतर काय व्हईल?”

हा मुद्दा पाठ्यपुस्तकात नव्हता. वाघ मागे लागायला चोरी करावी लागत नाही, गरीब असलं तरी पुरतं, हे सरांच्या आत्ता लक्षात येत होतं. शेखरने मोबाइल हातात घेतला होता.

“थांब,” सर म्हणाले. “कंट्रोल राहिला.”

“कसला कंट्रोल?”

“प्रयोगात एक माणूस असा लागतो, ज्याच्यावर कुणाचाच संशय नाही. त्याचं तोंड बघितल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही. मी चावतो. माझ्यावर कुणाला संशय?”

“तुमच्यावर?” सुलाबाई हसल्याच. “नथ कुठल्या नाकपुडीत घालतात ते तरी माहितेय का तुम्हाला?”

सरांनी डाव्या-उजव्याचा विचार केला आणि तांदूळ तोंडात टाकले.

मिनिट लांबच लांब होतं. जीभ टाळूला चिकटली. सरांनी लिंबाचा विचार केला, कैरीचा केला, चिंचेचाही केला. ज्या ग्रंथींची चित्रं त्यांनी हजारो वेळा फळ्यावर काढली, त्यांतली एकही मदतीला आली नाही. वेळ संपली तेव्हा ताटलीत जे पडलं, ते कलाबाईंच्या पिठाहूनही कोरडं होतं.

“अय्या, बाबा!” हर्षाली म्हणाली. “तुमचं तर सरळ भाकरी थापण्याजोगं पीठ झालंय.”

“म्हणजे मी चोर?” सरांनी शेखरला विचारलं.

शेखर हसायला लागला. “म्हणजे टेस्टच बोगस, बाबा. उगाच सगळ्यांना कच्चे तांदूळ खायला घातलेत.”

“प्रयोग फसला,” सर म्हणाले. एखादा प्रयोग फसल्यावर त्यांना इतकं समाधानी कोणी पाहिलं नव्हतं.

कलाबाई पदराने डोळे पुसत हसल्या. सुलाबाईंनी त्यांच्या हातात चहाचा कप दिला. “मनात ठेवू नको गं. उद्या नेहमीसारखी ये. नथ असेल इथंच कुठंतरी, लग्नाच्या पसाऱ्यात. हर्षालीची घालीन मी.” शेखर टीव्ही लावून बसला. पोलिसांचा विषय संपला.

सर बाल्कनीत आले. समोरच्या इमारतीची टाकी भरून वाहत होती. त्यांनी घड्याळ बघितलं, चिमूटभर तांदूळ तोंडात टाकले आणि निव्वळ शास्त्रीय कुतूहलाने चावून पाहिले. ओले झाले. ॲड्रेनालिन उतरायला बावीस मिनिटं लागली होती. हा आकडा लिहून ठेवण्यासारखा होता, पण त्यांनी लिहिला नाही. नथ गेल्या गुरुवारी, सैल झालेली तार बसवून आणायला सराफ बाजारात नेताना, त्यांच्याच खिशातून रिक्षात पडली होती.