पेपरातून कळलं

"आमच्या दुकानाबद्दल तुम्हाला कुठून कळलं?"

आठ दिवस ताई प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच विचारत होती. बिल करता करता विचारायचं आणि वहीत रेघ मारायची. जवळच राहतात, ओळखीतून, जाता-येता दिसलं, पेपरातून. रकाने मालकांनीच आखून दिले होते. किराणा दुकानाची पाव पान जाहिरात त्यांनी लागोपाठ दोन रविवार दिली होती. जाहिरातीने खरंच माल खपतो, की पेपरवालेच तसं सांगतात, याचा त्यांना एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा होता.

'पेपरातून'चा रकाना कोराच होता. एका पेन्शनर आजोबांनी तर सांगून टाकलं, "मी पेपरात फक्त निधनवार्ता बघतो. ओळखीचं कोणी निघतंय का, तेवढंच."

रोज दुकान बंद करताना मालक वही बघायचे आणि त्यांचा चेहरा पडायचा. ताईचा जीव मात्र भांड्यात पडायचा. जाहिरातीतल्या फोटोत काउंटरमागे तीच उभी होती. माझा फोटो नको, असं तिने दोनदा विनवलं होतं. "अहो ताई, आतल्या पानावर तुम्हाला कोण बघायला बसलंय?" असं म्हणून मालकांनी तो विषय झटकून टाकला होता.

नवव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास एक माणूस आत आला. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. त्याने अंगाच्या साबणाची एक वडी काउंटरवर ठेवली. ताईने मान वर न करताच नेहमीचा प्रश्न विचारला.

"पेपरातून, वहिनी."

तिचा हात वहीवरच थांबला. आवाज धाकट्या दिराचा होता.

मालक मागे तेलाचे डबे लावत होते. 'पेपर' हा शब्द कानावर पडला तसे ते हात पुसत लगबगीने पुढे आले. "पेपरातून म्हणालात? बसा, बसा. आणि वहिनी म्हणजे? तुम्ही आमच्या ताईंच्या घरचे की काय?"

"धाकटा दीर. सहा तासांवरून आलो."

"सहा तासांवरून." मालकांना काय बोलावं आणि काय नको असं झालं. "आणि जाहिरात बघून आलात. मग त्यातलं नेमकं काय आवडलं, ते सांगा बघू."

"फोटो," दीर म्हणाला. "छान आलाय. वहिनी जरा वाळल्यात, पण ओळखू येतात."

मालक खूश होऊन हसले. "आमच्या ताई म्हणजे दुकानाचा कणा. वर माडीवरच राहतात. लेकही गुणी आहे हो. या कोपऱ्यावरच्या शाळेतच..."

"मालक," ताई म्हणाली.

तिचा असा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता.

"कितवीत गेली?" दिराने विचारलं. त्याने साबणाची वडी उचलून वास घेतला, परत ठेवली. "दादा सुटला, वहिनी. गेल्या महिन्यात. वागणूक चांगली म्हणून लवकर सोडलं. तुम्ही कोर्टात जे बोललात, त्याचा राग नाही त्याला. फक्त एकदा भेटायचं म्हणतो. गाडीतच बसलाय."

रस्त्यापलीकडे एक करडी गाडी उभी होती. चारही काचा वर होत्या.

"सुटे आणते आतून," ताई म्हणाली. ती पडदा सारून गोदामात गेली. थोड्या वेळाने मागच्या दाराची कडी निघाल्याचा आवाज आला. तो दोघांनीही ऐकला.

दीर धावला नाही. साबण तिथेच ठेवून तो सावकाश दाराकडे निघाला. पायरीवर थांबून त्याने मागे वळून बघितलं.

"जाहिरात बंद करू नका, मालक. लोक बघतात."

मालक काउंटरला धरून उभे राहिले. ताईने फोटोसाठी का विनवलं होतं, हे आता त्यांच्या ध्यानात येत होतं. मग भान आल्यासारखे ते बाहेर धावले, तोवर गाडी निघून गेली होती. दुकान तसंच उघडं टाकून ते शाळेकडे पळत सुटले. वाटेत एक चप्पल निसटली, ती घ्यायलाही ते थांबले नाहीत.

फाटकावरचा शिपाई डबा खात बसला होता. "ती होय? मघाशीच गेली की. घरचं माणूस आलं होतं न्यायला."

कोण आलं होतं, हे विचारायला मालकांची जीभ रेटेना. शिपायाने डब्याचं झाकण लावलं आणि त्यांच्या अनवाणी पायाकडे बघत राहिला. मालक तसेच मागे फिरले.

दुकानात पेपरचा जाहिरातवाला स्टुलावर वाट बघत बसला होता. मांडीवर पुढच्या रविवारचा फॉर्म होता. मालकांचा घामाने डबडबलेला चेहरा बघून तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "एवढं मनाला लावून घेऊ नका. जाहिरातीचा गुण यायला वेळ लागतो. मला एवढंच सांगा, पेपर बघून एखादा तरी माणूस आला का?"

मालकांनी काउंटरवर हात टेकला.

"आला," ते म्हणाले.