जावईबापूंच्या पोटातली जागा

"आई, खरंच पोट भरलं हो!" श्रीरंगने ताटावर दोन्ही हात आडवे धरले. अधिक महिन्यात जावयाला घालायचे पुरणाचे धोंडे त्याच्या घशाशी आले होते.

सासूबाईंनी खिशात मावणारा सीटी स्कॅनर त्याच्या पोटावर टेकवला. सासऱ्यांच्या मुतखड्यासाठी घेतलेलं यंत्र आता धोंडे मोजत होतं.

"खोटं बोलता, जावईबापू! डाव्या कोपऱ्यात जागा आहे की!"

आणखी दोन धोंडे पडले. त्याने बायकोकडे आशेने पाहिलं, तर ती यंत्राच्या पडद्यात डोकं घालून खिदळत होती.

अखेर पडद्यावर उमटलं, 'जठर भरले.' श्रीरंगने हुश्श केलं, तोच सासूबाईंनी यंत्र खाली सरकवलं.

"अगंबाई! आतडं अख्खं मोकळंच पडलंय! अहो, दुसरं पातेलं आणा!"