आंधळा वाचक

पलीकडून फोन बंद झाला, तरी रुमियानाने तो कानापासून काढला नाही. वार्नाहून बोलणाऱ्या त्या बाईने गुलाबाच्या मुरंब्याचा भावसुद्धा विचारला नव्हता. तुमच्या वेबसाइटवरच्या फोटोतली मुलगी किती वर्षांची आहे, एवढंच तिला हवं होतं. उत्तराची वाटही न पाहता तिने फोन ठेवला.

समुद्रकाठचं वार्ना शहर सोडून चौदा वर्षं झाली होती. रुमियानाने तिथलं आडनाव टाकलं, ओळखीपाळखी टाकल्या आणि कालिनाला घेऊन ती या गुलाबांच्या खोऱ्यात येऊन राहिली. मुलीच्या वाढदिवसाचं तिच्याकडे विशेष नसे. कालिना हे फुलझाडाचं नाव; फुलांच्या रविवारच्या सणाला अशी नावं असलेल्या साऱ्याजणींबरोबर नामदिन साजरा केला की झालं. दारुडा नवरा आणि पोलिसात असलेला दीर, असं तिने शेजारणींना एकदा सांगितलं होतं. पुन्हा कुणी विचारलं नाही. भीती मात्र एकच होती आणि ती जुनी होत नव्हती: वार्नाची माणसं येतील आणि पोरीला घेऊन जातील.

म्हणूनच कालिनाने मुरंब्याच्या विक्रीसाठी वेबसाइट केली, तेव्हा रुमियानाने पान न् पान स्वतः नजरेखालून घातलं होतं. मुलीचं नाव नाही, चेहरा नाही. गुलाब खुडतानाचा एकच फोटो, तोही पाठमोरा. मग वार्नाला वास लागला कसा?

कालिना शाळेत होती. रुमियाना समोरच्या ओग्नियानकडे गेली. अर्ध्या गावाचे संगणक तो सांभाळत असे. मुरंबा महाग आहे म्हणून गिऱ्हाइकाची तक्रार आली असेल, असं म्हणून तो आधी हसला. मग तिच्या चेहऱ्याकडे नजर गेल्यावर त्याने खुर्ची पुढे केली आणि तिने फोनचं सांगितलं.

"मावशी, शोधयंत्र पान वाचायला आपला एक हरकाम्या पाठवतं. क्रॉलर म्हणतात त्याला," तो म्हणाला. "तो ठार आंधळा. तुमचे रंग, तुमचे गुलाब, सगळं त्याच्यापुढे वाया. त्याला कळतात फक्त अक्षरं. तो जे वाचून नेतो, तेच लोकांना सापडतं."

"अक्षरांत काहीच नाही. मी सगळं वाचलंय."

"तुम्ही डोळसांचं पान वाचलंत. आता त्याचं बघा."

त्याने एकेक करून पानाचा साज उतरवला. रंग गेले, चौकटी गेल्या, शेवटी फोटोही गेले. जिथे फोटो होते, तिथे आता एकेक ओळ उरली होती. चित्रात काय आहे, हे त्या आंधळ्याला सांगण्यासाठी अशी ओळ आत लिहून ठेवावी लागते, एरवी ती कुणाच्या दृष्टीस पडत नाही, असं ओग्नियानने समजावलं. कालिनाला हे त्यानेच शिकवलं होतं.

रुमियानाने पडद्यावर बोट ठेवलं. "पोरीने नाव घातलं असेल, तर आत्ताच्या आत्ता पूस."

"इथलं पुसता येईल, मावशी. त्या आंधळ्याने वाचून नेलेलं परत आणायला वेळ लागतो."

तो मोठ्याने वाचू लागला. "तांब्याच्या पातेल्यात उकळणारा मुरंबा. लाल कापड बांधलेल्या बरण्या." पुढच्या ओळीवर त्याचा आवाज थांबला. ती ओळ त्याने मनातच वाचली. मग पडदा तिच्याकडे वळवला आणि स्वतःची खुर्ची तिच्यापासून जराशी मागे सरकवली.

रुमियाना पुढे वाकली.

"पाठमोरी मुलगी मी आहे. तीन वर्षांची असताना मला वार्नाच्या समुद्रबागेतून एका बाईने उचलून नेलं. आई, तू शोधत असशील तर मी इथे आहे. फोनवर त्या बाईला काही सांगू नकोस. नुसती ये."