राखलेला दम

ट्रायथलॉन सुरू झाली तेव्हा तलावात हिंदुरावांनी हात सावकाशच मारले. सायकलवर तरणी पोरं झपाझप पुढे गेली, तरी त्यांनी पायडलवर जोर दिला नाही. शेवटच्या धावण्यासाठी दम राखायचा होता. साठीपुढच्या गटात दरवर्षी भूपाल कुंभोजे जिंकायचा. यंदा त्याला गाठायचंच होतं.

शेवटच्या वळणावर भूपालची वाकलेली पाठ दिसली. हिंदुराव बरोबरीला आले.

"आलास व्हय?" भूपाल धापा टाकत म्हणाला. "सायकलवर झोपला होतास काय?"

"दम राखत होतो. तू सगळा उधळून बसलास."

"मग जा की पुढं! एवढा दम घरी नेऊन काय करणार हाईस?"

हिंदुराव पुढे गेले आणि पहिले आले. गळ्यात पदक पडलं. श्वास इतका शाबूत होता की सगळी शर्यत कुणालाही रंगवून सांगता आली असती. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. पदक घालणारी मुलगी केव्हाच दुसऱ्याकडे वळली होती.

भूपाल आला तो थेट लेकाच्या अंगावर कोसळला. सून वारा घालत होती, नातवंडं प्रश्नांवर प्रश्न विचारत होती, आणि त्याला एक शब्द बोलवत नव्हता. नुसता हसत होता.

हिंदुराव पदक बनियनच्या आत सारून रस्त्याकडेला गेले. मागे राहिलेले एकेक करून येत होते. "चला, आलंच बघा! सोडू नका!" ते प्रत्येकाला ओरडून सांगू लागले. शेवटचा गेला, मांडव उतरू लागला, तरी अजून कोणी येतंय का बघत ते उभेच होते.