वारा आहे, आई

दादाने दार किंचित उचललं, कमरेचा धक्का दिला आणि टेकवलं. बोट मोडल्यासारखं टक् झालं, बस. राजधानीतल्या वाऱ्याला असंच गंडवावं लागतं. इथे सरकारं आली नि गेली, कचेऱ्यांवरचे झेंडे फाटून चिंध्या झाले, वारा मात्र कुणाच्या बापाला बधला नाही. म्हणून या शहरात ज्याची त्याची दार लावायची रीत असते, आणि नुसत्या आवाजावरून घरात कळतं कोण आलं.

आतल्या खोलीतून आई म्हणाली, "थोरला आला का रे?"

धाकट्याने चहाचा कप खाली ठेवला. दादाकडे बघत, आवाज चढवून तो म्हणाला, "नाही गं. वारा आहे, आई."

एक तप उलटल्यावर दादा घरी आला होता. खांद्यावरची पिशवी अजून खांद्यावरच होती.

"बोलाल ते हळू, भाऊजी," धाकट्याची बायको, म्हणजे भावजय, दादाकडे वळून कुजबुजली. "त्यांची नजर गेलीय, पण कान तिखट आहेत."

"तिला न्यायला आलोय मी," दादा दबक्या आवाजात म्हणाला. "फोन केला की तुझं आपलं एकच, झोपलीय. माणूस आहे की अजगर?"

"फोन तरी किती? वर्षाला दोन!" धाकट्याने नजर चुकवली नाही. "आता नेशील, आणि महिन्याभरात परत आणून टाकशील. पुढचं रडणं आम्ही निस्तरायचं. म्हणून तिला एकदाच सांगून टाकलं, थोरला तुला विसरला. रड रड रडली, मग थांबली. आता उलटं कुठल्या तोंडाने सांगू?"

दादा आतल्या खोलीकडे वळला.

"वारा असता तर दार आपटलं असतं," आतून आई म्हणाली.

तिघेही जागच्या जागी थिजले. मग धाकटा दादाच्या कानाशी आला. "जाताना आपटून जा. म्हणजे तिची खात्री पटेल."

दादाने दार सताड उघडलं. वारा मोकाट घुसला. कप लवंडला, भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यासकट खाली आलं. भावजय चहा पुसायला धावली, धाकटा कॅलेंडरमागे. दादाने मूठ सोडली. दार असं आपटलं की खिडकीच्या काचा थरथरल्या.

सुटलो एकदाचे, म्हणून धाकट्याने वळून पाहिलं. दादा उंबऱ्याच्या आतच उभा होता.

"वारा गेला, आई," तो मोठ्याने म्हणाला. "मी आहे. थोरला."

आतून खाट करकरली. कुणी उठलं नाही.

"वारा बरा," आई म्हणाली. "तो रोज यायचा."