मे महिन्यातले सेमी

हायाशींच्या पत्राला उत्तर गेलंच नव्हतं. सिनसिनाटीच्या ग्रंथालयात ते पुरुषोत्तमरावांच्या शेजारच्या टेबलावर बसत आणि डबा खाता खाता त्यांना जपानी शिकवत. निवृत्त होऊन ते मायदेशी गेले. गेल्या जूनमध्ये त्यांनी लिहिलं होतं, 'नजर झपाट्याने जातेय. दिसतंय तोवर तुमचं पत्र येऊ द्या.'

जपानी पत्र ऋतूच्या उल्लेखाने सुरू करायचं, ही तिकडची रीत. जूनमध्ये होतारू, म्हणजे काजवे. जुलै-ऑगस्टच्या भर उन्हाळ्यात सेमी, म्हणजे झाडांवर कर्कश ओरडणारे सिकाडा किडे. उन्हाळा उतरला की संध्याकाळी हळवं गाणारा हिगुराशी, त्यांचाच भाऊबंद. मग सुझुमुशी हा रातकिडा, छोटी घंटा किणकिणावी तसा. पुरुषोत्तमराव प्रत्येक शब्दाची पुस्तकांतून खात्री करून घेत. खात्री होईपर्यंत ऋतू सरलेला असे. कागद फाडावा लागे.

"बाबा, नुसतं 'हाउ आर यू' लिहा ना!" त्यांची मुलगी मृणालिनी वैतागायची.

"हसतील गं ते. माझं जपानी आधीच कच्चं."

१९८७चा मे आला. अंगणातल्या मेपलखाली जमिनीला भोकं पडली. सतरा वर्षं मुळांचा रस पीत अंधारात बसलेले सेमी वर आले, खोडावर चढले आणि पाठ उकलून ओलेकच्च बाहेर पडले. लाल डोळे, काचेसारखे पंख. काही दिवसांनी ते ओरडू लागले आणि खिडक्यांची तावदानं थरथरली. पुरुषोत्तमराव चपला काढून गवतात उतरले. छातीत काहीतरी घुमत होतं. ते आपलं आहे की झाडाचं, त्यांना कळेना.

"पण सेमी मे महिन्यात?" ते मुलीच्या कानाशी म्हणाले. "एकाही पुस्तकात नाही. चूकच ठरेल."

मृणालिनीला ओरडावंच लागलं. "बाबा, वर्ष होत आलं! त्यांना आता वाचता तरी येत असेल का?"

ते घरात जाऊन टेपरेकॉर्डर घेऊन आले. झाडाच्या बुंध्याशी गुडघे टेकून त्यांनी बटण दाबलं आणि ओठ अगदी जवळ नेऊन बोलू लागले. मनात घोळवलेलं सगळं. कॅसेट संपेपर्यंत.

आत येऊन दोघांनी ती लावली. नुसता गजर, झाडामागून झाड पेटत गेल्यासारखा.

"अहो बाबा, तुमचं काहीच ऐकू येत नाहीये! परत रेकॉर्ड करा."

"नको," पुरुषोत्तमराव म्हणाले, आणि ती तशीच पाकिटात घालून दुपारच्या टपालात टाकून आले.